दोनदा पोरकी

वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणे हा एखाद्या माणसाच्या उपजीविकेचा उद्योग होऊ शकतो, ही कल्पना निदान नभोवाणीच्या श्रोत्यांना तरी विचित्र वाटू नये. 2020 साली प्रदर्शित झालेल्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाचा नायक कॅप्टन जेफर्सन काइल किड हेच करतो. काळ 1870 चा, स्थळ टेक्सस. यादवी युद्ध संपून पाच वर्षे लोटली आहेत आणि ज्या दक्षिणेच्या बाजूने किड लढला ती हरलेली आहे. हा पोक्त गृहस्थ गावोगाव हिंडतो, रात्री कंदिलाच्या उजेडात निरनिराळ्या पत्रांतील मजकूर वाचतो आणि प्रत्येक श्रोत्याकडून दहा सेंटांचे एक नाणे घेतो. आपल्याकडेही चावडीवर एकाने वाचावे व दहांनी ऐकावे अशी रीत होती. तिथे कोणी नाणी गोळा केल्याचे मात्र ऐकिवात नाही.

या प्रवासात किडला रस्त्याकडेला एक उलटलेली गाडी दिसते. जवळच तिचा कृष्णवर्णीय चालक झाडाला फाशी दिलेला आढळतो आणि झाडीत हरणाच्या कातड्याचा पोशाख घातलेली, सोनेरी केसांची एक मुलगी लपलेली सापडते. तिला इंग्रजीचा एक शब्दही कळत नाही. गाडीत सापडलेल्या सरकारी कागदांवर तिचे नाव जोहाना लिओनबर्गर असे आहे. जर्मन वसाहतकऱ्यांची ही मुलगी. कायोवा जमातीच्या लोकांनी तिच्या आईबापांना ठार करून तिला लहानपणीच नेले व आपली म्हणून वाढवले. पुढे सैन्याच्या कारवाईत ते दुसरे घरही गेले. ज्या अधिकाऱ्याच्या स्वाधीन तिला करायचे तो कित्येक महिने परगावी! निरुपायाने किडच तिला चारशे मैलांवरच्या कॅस्ट्रोव्हिल गावी, काका-काकूंकडे, पोहोचवायला निघतो.

माझे आयुष्य सरकारी कचेरीत जात आहे, म्हणून असेल, पण त्या कागदांवर माझी दृष्टी फार वेळ खिळून राहिली. कागद म्हणतो जोहाना. मुलगी त्या नावाला ‘ओ’ देत नाही. कागदाच्या दृष्टीने ती ‘परत’ चालली आहे; तिच्या दृष्टीने ती पुन्हा एकदा पळवून नेली जात आहे. या दोन गोष्टींपैकी खोटी कोणती?

टेक्ससच्या इतिहासात हा प्रश्न कल्पनेतला नव्हता. 1836 साली सिंथिया अ‍ॅन पार्कर ही सुमारे नऊ वर्षांची मुलगी कोमांचींनी पळवली. ती त्यांच्यातच वाढली, तिने त्यांच्यातच लग्न केले आणि तिला तीन मुले झाली. 1860 च्या डिसेंबरात पीज नदीकाठी टेक्ससच्या सशस्त्र दलाने तिला तान्ह्या मुलीसह ‘सोडवले’. आप्तांनी तिला प्रेमाने घरात घेतले. ती पुनःपुन्हा पळून जाऊ पाहत राहिली. मुलगी वारली, आणि 1870 च्या सुमारास तीही गेली. तिचा मुलगा क्वाना पार्कर पुढे कोमांचींचा विख्यात नायक झाला. त्याने 1875 मध्ये फोर्ट सिल येथे शरणागती पत्करली, तेव्हा ते मोकळे मैदानी जीवनच संपले होते.

पॉलेट जाइल्स यांच्या ज्या 2016 सालच्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, तीत मुलीला किडच्या हवाली करणारा ब्रिट जॉन्सन हा इतिहासातला खरा पुरुष आहे. 1864 च्या एल्म क्रीक येथील हल्ल्यात या कृष्णवर्णीय गाडीवानाचा मुलगा मारला गेला आणि बायकामुले पळवली गेली. त्याने खटपट करून ती परत मिळवली, आणि 1871 मध्ये कायोवांशी लढताना तो स्वतः मारला गेला. चित्रपटाने त्याच्या जागी फाशी दिलेला एक निनावी माणूस ठेवला. ब्रिटसारख्या माणसाला गमावल्याचे मला वाईट वाटले. पण गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्यांवरील अत्याचारांची आठवण त्या दृश्याने अचूक ठेवली, हेही खरे. एरवी दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास यांनी तपशिलाबाबत थोडी सैल भूमिका घेतलेली आहे: कथेचा आरंभ ज्या विचिटा फॉल्स गावी होतो ते गाव 1870 मध्ये वसलेलेच नव्हते.

किड आणि मुलगी यांचे नाते शब्दागणिक जुळत जाते. वस्तूकडे बोट दाखवायचे. तो इंग्रजी शब्द सांगतो, ती कायोवा. गुंड पाठलाग करतात आणि दारूगोळा संपत येतो, तेव्हा किडला वाचनातून मिळालेली नाणीच बंदुकीत भरण्याची युक्ती तिला सुचते. टॉम हँक्स यांचा संयत अभिनय सर्वांना परिचित आहे. पण हेलेना झेंगेल या जर्मन बालनटीचे मौन मला अधिक बोलके वाटले.

कॅस्ट्रोव्हिल हे 1844 साली आंरी कास्त्रो यांनी वसवलेले, मुख्यतः अल्सेसमधून आलेल्या लोकांचे गाव. तिथले काका-काकू दुष्ट नाहीत, फक्त कष्टांनी रुक्ष झालेले आहेत. मुलगी पळून जाते म्हणून ते तिला दोरीने बांधून ठेवतात. पत्नीच्या थडग्याचे दर्शन घेऊन परतलेला किड ती दोरी पाहतो आणि तिला आपल्याबरोबर नेतो. शेवटी ती त्याच्या वाचनाच्या सभेत साथीला उभी असते, नाव जोहाना किड. प्रेक्षक सुखावतो, मीही सुखावलो. सिंथियाच्या वाट्याला मात्र असा किड आला नव्हता.

चित्रपटाचा जो काळ, त्याच वर्षी, मे 1870 मध्ये, हर्मन लेहमन हा दहा वर्षांचा जर्मन मुलगा टेक्ससमधूनच अपाचींनी पळवला. पुढे तो कोमांचींत गेला आणि क्वाना पार्करचा मानलेला मुलगा झाला. 1878 मध्ये सैनिकांनी त्याला आईकडे आणले तेव्हा तो जर्मन विसरला होता. अंथरुणावर न निजता तो जमिनीवर झोपे. भावंडांनी धीर धरून त्याला माणसांत आणले. पण 1901 मध्ये क्वानाने त्याच्यासाठी प्रतिज्ञापत्र लिहून दिले, आणि 1908 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ओक्लाहोमातील एकशे साठ एकर जमीन त्याला देण्यास मंजुरी दिली. त्या कागदावर लेहमनची नोंद कोमांची म्हणून झाली.