ठळक अक्षराचे कूळ

शब्दकोश उघडला की नोंदीचा प्रत्येक शब्द ठळक दिसतो. पाठ्यपुस्तकातील व्याख्या ठळक असते, समीक्षाग्रंथातील उपशीर्षकही ठळक असते. अक्षराचा हा जाडपणा आपण विद्वत्तेच्या शिस्तीचाच भाग मानतो. परंतु रोमन लिपीच्या छपाईत पहिली सुमारे साडेतीनशे वर्षे अशा वेगळ्या जाड अक्षरांची सोयच नव्हती. भर द्यायचा तर तिरपा इटॅलिक, कॅपिटल अक्षरे किंवा जुन्या वळणाचा ब्लॅकलेटर वापरीत. ठळक रोमन अक्षर जन्मले ते ग्रंथासाठी नव्हे, तर लंडनच्या भिंतींसाठी. त्याच्या जन्माशी सरकारी लॉटरीचा निकटचा संबंध आहे.

या अक्षराचे पूर्वज मात्र अत्यंत अभिजात होते. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने 1757 मध्ये व्हर्जिलची काव्ये छापली, तेव्हा गुळगुळीत कागद आणि दाट काळी शाई यांमुळे अक्षरातील नाजूक रेघाही स्वच्छ उमटू लागल्या. पॅरिसमध्ये फिर्मँ दिदो आणि पार्म्यात जाम्बातिस्ता बोदोनी यांनी हीच शक्यता टोकाला नेली. उभा दांडा जाड, आडवी रेघ केसाइतकी बारीक आणि अक्षराच्या टोकांना सेरिफ म्हणून तशीच एक बारीक सरळ रेघ, असे हे वळण होते. बोदोनीच्या मृत्यूनंतर, 1818 मध्ये, त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केलेला अक्षरनमुन्यांचा दोन खंडी ग्रंथ हा या अभिरुचीचा कळस म्हणता येईल.

लंडनच्या रॉबर्ट थॉर्नने या वळणात एकच बदल केला. 1794 मध्ये त्याने टाइप ओतण्याचा एक जुना कारखाना विकत घेतला होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने बारीक रेघ होती तशीच ठेवली आणि जाड दांडा फुगवला. काही नमुन्यांत दांड्याची रुंदी अक्षराच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक झाली, आणि अक्षराच्या पोटातील पांढऱ्या जागेची केवळ फट उरली. या ठशाला पुढे ‘फॅट फेस’ हे नाव मिळाले.

हा बदल लहरीचा नव्हता. लॉटरीची तिकिटे विकणारे ठेकेदार, नाटकगृहे, घोडागाड्यांच्या कंपन्या यांची पत्रके एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लागत. पुस्तकी अक्षर नुसते मोठे केले तर दुरून ते फिकट दिसे. काळ्या ठोकळ्यासारखे अक्षर मात्र वाटसरूची नजर पकडी. तंत्रही अनुकूल होते. स्टॅनहोपच्या लोखंडी यंत्रामुळे मोठ्या पृष्ठभागावर सारखा दाब देता येऊ लागला होता. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी टाइप मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत काढली, तेव्हा तर अक्षराच्या आकाराला मर्यादाच उरली नाही.

जाणकार मुद्रकांना हे रुचले नाही. टी. सी. हॅन्सार्डने 1825 च्या आपल्या मुद्रणविषयक ग्रंथात या फुगीर अक्षरांवर कठोर टीका केली. त्याची तक्रार अगदीच निराधार नव्हती. दुरून पाहताना बारीक रेघा नाहीशा होतात, आणि वाचकाच्या वाट्याला काळ्या पट्ट्यांची रांगच तेवढी येते. पण ग्रंथाच्या मापाने भिंतीचे अक्षर मोजण्यातच टीकाकाराची चूक होती. ग्रंथाचा वाचक वाचण्याच्या इराद्याने बसलेला असतो. भिंतीपुढचा वाचक चाललेला असतो, त्याला आधी थांबवावे लागते. वाचनाच्या इतिहासातील हा बदल लहान नव्हे.

ब्रिटनची सरकारी लॉटरी 1826 मध्ये बंद झाली, अक्षर मात्र टिकले. अमेरिकेत गुलामांच्या लिलावाची आणि पळालेल्या गुलामांवरील इनामाची पत्रके अशाच जाड ठशांत छापली गेली. गुलामगिरीविरोधी सभांची पत्रकेही तशीच छापली गेली. ‘इकडे पाहा’ एवढेच हे अक्षर सांगते. काय पाहायचे आणि पाहून काय करायचे, याची जबाबदारी ते घेत नाही. म्हणून ठळक छापलेले ते महत्त्वाचे, ही आपली सवय तपासून घेण्यासारखी आहे.

या कथेचा शेवट पुन्हा ग्रंथापाशी येतो. 1820 मध्ये थॉर्न वारला आणि त्याचा कारखाना विल्यम थॉरोगुडने लिलावात घेतला. लॉटरीत जिंकलेल्या पैशातूनच त्याने तो घेतला, असे सांगितले जाते. फॅन स्ट्रीटवरील याच कारखान्यातून पुढे रॉबर्ट बेस्लीने 1845 मध्ये ‘क्लॅरेंडन’ हा ठसा बाजारात आणला. थॉर्नचे अक्षर लहान आकारात निरुपयोगी होते. बारीक रेघा तुटत आणि पोटातील फट शाईने भरून जाई. क्लॅरेंडनमध्ये जाड आणि बारीक यांतले अंतर कमी केले गेले, सेरिफ भक्कम झाले, आणि साध्या मजकुरातल्या ओळीत शेजारी बसू शकेल असे जाड अक्षर मुद्रकाच्या हाती आले. 1884 पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशातील मुख्य शब्द याच घराण्याच्या ठशात आहेत.

देवनागरीला ही कृती जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या लिपीत शब्दाचा कणा म्हणजे आडवी शिरोरेषा. ती केसासारखी बारीक करून दांडे फुगवले तर शब्द एकसंध राहणार नाही. आकार आपला वेगळा आहे, पण पानावर ठळक शब्दाने नजर थांबवण्याची रीत आपणही स्वीकारली आहे. कोशातील शब्दावर बोट ठेवताना तिचे भिंतीवरचे कूळ ध्यानात असलेले बरे. पांडित्य आणि बाजार यांच्यामध्ये आपण कल्पितो तेवढी उंच भिंत छपाईने कधीच बांधली नव्हती.