कमोड की भारतीय? त्याआधीचा प्रश्न



आपल्यापैकी अनेकींनी मुनिराजांचा कमंडलू भरून दिला असेल. पाणी उकळून निववलेलं, प्रासुक. पिच्छी हे संयमाचं उपकरण आणि कमंडलू हे शौचाचं, हे आपल्याला लहानपणी पाठशाळेत शिकवतात. पण शौच म्हणजे नेमकं काय, हे मात्र कोणी फारसं उलगडून सांगत नाही. विषयच तसा. म्हणून आज संडासावर लिहिते आहे. नाक मुरडू नका, आपल्या शास्त्रकारांनीही मुरडलेलं नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समिती येतात. ईर्या म्हणजे पाहून चालणं, भाषा म्हणजे जपून बोलणं, एषणा म्हणजे शुद्ध आहार, आदाननिक्षेपण म्हणजे वस्तू जपून उचलणं-ठेवणं. आणि पाचवी उत्सर्ग, म्हणजे मलमूत्र कुठे आणि कसं टाकायचं. चालणं, बोलणं, जेवणं यांच्याच पंक्तीत हा विषय बसवला आहे. मूलाचारात याच समितीला प्रतिष्ठापना समिती म्हटलं आहे आणि जागा कशी हवी तेही सांगितलं आहे: एकांताची, जीवजंतू नसलेली, वस्तीपासून दूर, आडोशाची, ऐसपैस आणि सहावी अट, अविरोध. म्हणजे जिथे कोणाचा विरोध नाही, कोणाला त्रास नाही अशी. या सहाव्या अटीपाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या घरातल्या संडासाचा शंभर वर्षांचा इतिहास या एका शब्दावर तपासता येतो, असं मला वाटतं.

गोदरी

चंद्रपूर-गडचिरोलीकडे रान म्हणजे दाराशी. त्यामुळे पिढ्यानपिढ्या संडास ही घरातली खोली नव्हतीच. टमरेल घेऊन 'बाहेर' जायचं. बायकांची जागा वेगळी, तिला आमच्याकडे गोदरी म्हणतात. वेळही वेगळी: पहाटे उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळेत पोट दुखलं तरी कळ काढायची.

वस्ती विरळ आणि रान मोठं होतं तोवर हे निभलं. मूलाचारातल्या पहिल्या पाच अटी तर रानात आपोआप पुऱ्या होत. पण बाईच्या बाजूने पाहिलं की चित्र बदलतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघ-बिबट्या आजही शिवारापर्यंत येतात. अंधारात झुडपाआड बसलेलं माणूस त्यांना माणूस म्हणून ओळखू येत नाही. विंचू-साप वेगळे, आणि माणसांची भीती वेगळी. मग बाई काय करते? संध्याकाळचं पाणी तोडते, जेवण कमी करते. आपण सूर्यास्तानंतर पाणी सोडतो ते व्रत म्हणून, आनंदाने. ती सोडते भीतीपोटी. दिसायला दोन्ही सारखंच, पण एकात निर्जरा आहे आणि दुसऱ्यात नुसती लाचारी.

पाटीचा संडास

शहरातली गोष्ट निराळी. चंद्रपूरला गोंडकालीन परकोट आहे, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे चार दरवाजे आहेत. आतल्या दाट वस्तीला रान कुठून मिळणार? मग सधन घरांनी वाड्याच्या मागच्या अंगाला संडास बांधले. वर दोन पायठणी, मध्ये भोक आणि खाली टोपली किंवा डबा. मागच्या बोळीतून एक छोटं झडप उघडायचं, टोपली ओढायची, रिकामी करायची, परत ठेवायची. रोज. हे काम करणारी माणसं बोळीतूनच यायची आणि बोळीतूनच जायची. त्यांना समोरच्या दाराने प्रवेश नव्हता.

आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, त्यांच्या लहानपणी सकाळी झडपेचा आवाज झाला की आत बसलेल्याने घाईने उठायचं, एवढाच त्या बाईशी संबंध. सणाला तिच्या पदरात वरून पोळी टाकायची. तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं. 'होती एक,' म्हणायच्या.

मैत्रिणींनो, त्याच घरात पाणी दुहेरी फडक्याने गाळलं जात होतं. जिवाणी विहिरीत परत सोडली जात होती, गाळलेल्या पाण्यातला जीव आपल्या जागी पोहोचावा म्हणून. आणि मागच्या बोळीत एक पंचेंद्रिय जीव, संज्ञी जीव, डोक्यावर आपला मैला घेऊन पावसात चालत होता. टोपली गळायची, केसांवरून ओघळायचं. सहावी अट इथे मोडत होती. हे फक्त आपल्या समाजात नव्हतं, सगळ्याच सवर्ण घरांत होतं. पण आपण अहिंसेचं नाव घेतो, म्हणून आपल्याला ते जास्त टोचायला हवं.

वरोऱ्यातले नऊ महिने

ही टोपली आपल्याच जिल्ह्यात एका माणसाने स्वतःच्या डोक्यावर घेतली. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे. आज आपण त्यांना आनंदवनामुळे ओळखतो, पण आनंदवनाच्या आधी ही पाटी आहे. 1940 च्या दशकात ते वरोऱ्यात वकिली करत आणि नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांच्या मागण्यांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा बाबांनी हे काम स्वतः करून पाहायचं ठरवलं. नऊ महिने ते मैल्याची पाटी डोक्यावरून वाहत होते.

त्याच काळातल्या एका पावसाळी संध्याकाळी त्यांना गटाराकडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला, बोटं झडलेला, अंगात किडे पडलेला. बाबा आधी घाबरून पळाले. मग त्या भीतीचीच लाज वाटून परतले आणि त्याची सेवा केली. तिथून पुढे 1949 मध्ये महारोगी सेवा समिती आणि वरोऱ्याजवळचं आनंदवन उभं राहिलं. आपण सहलीला आनंदवनात जातो, तिथल्या वस्तू विकत आणतो. त्या वाटेची सुरुवात वरोऱ्याच्या मागच्या बोळींतून झाली, हे मुलांना जरूर सांगा.

शेजारचे प्रयोग

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला आले. आश्रमात संडास-सफाई प्रत्येकाच्या वाट्याला येई, पाहुणाही सुटत नसे. पवनारहून विनोबा 1946 पासून जवळजवळ दोन वर्षं खांद्यावर फावडं घेऊन सुरगावला चालत जात आणि गावचा मैला मातीआड करत.

कोकणात आप्पा पटवर्धनांनी तर यासाठी तुरुंगात उपास केला. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. ते सवर्ण म्हणून नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी अन्न सोडलं आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पांनी एक पाऊल पुढे टाकलं. मैला वाहणाऱ्याला मान द्या, एवढ्यावर न थांबता मैला वाहावाच लागू नये असे संडास त्यांनी घडवले. जागेवरच खत होणारे हे 'गोपुरी संडास' महाराष्ट्रभर पोहोचले. देहूला सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणून गेलेल्या सुहास मापुसकरांनी संडास गोबरगॅसला जोडले आणि आयुष्य याच कामाला दिलं. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. बिहारात बिंदेश्वर पाठकांनी 1970 मध्ये सुलभ सुरू केलं आणि दोन खड्ड्यांचा संडास देशभर नेला.

आपल्या विदर्भात लोकांच्या कानी हा विषय घातला तो गाडगेबाबांच्या खराट्याने आणि तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने. ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे.

कायदा मात्र सावकाश आला. टोपलीचे संडास बांधण्यावर आणि माणसाकडून मैला वाहून घेण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 चा, आणि त्याहून कडक कायदा 2013 चा.

वाकड्या नळीची करामत

या सगळ्यात खरी क्रांती केली ती एका वाकड्या नळीने. 1775 मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने भांड्याखालच्या वळणदार नळीचं पेटंट घेतलं. त्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. त्यामुळे खालची दुर्गंधी वर येत नाही, माशी खाली जात नाही आणि झुरळ वर येत नाही. कमोड असो की भारतीय भांडं, हे पाण्याचं झाकण दोन्हींत असतं.

आपल्या दृष्टीने याचं मोल मोठं आहे. उघड्या मैल्यावर माश्या होतात, अळ्या होतात, मग आपण फिनेल आणि ॲसिड ओतून त्या मारतो. आधी त्रस जीवांची उत्पत्ती होऊ द्यायची आणि मग घात करायचा. पाण्याचं झाकण ही उत्पत्तीच रोखतं. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, पण यत्नाचार पाळता येतो. तो असा.

मग कोणतं भांडं?

आता घरातला प्रश्न. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि मामंजींना उकिडवं बसल्याशिवाय समाधान नाही. अशा घरांसाठी मध्यंतरी 'अँग्लो-इंडियन' भांडी निघाली होती, कडेवर पाय ठेवूनही बसता येईल अशी. गुडघे दुखणाऱ्याने त्यावर चढावं कसं आणि ओल्या कडेवरून पाय घसरला तर काय, म्हणून मला ती पसंत नाहीत. दोन जागा असतील तर एक कमोड आणि एक भारतीय, हे सरळ. एकच असेल तर घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाकडे पाहून ठरवावं आणि भिंतीला पकडायला दांडी जरूर लावावी.

पाण्याचा हिशेब मात्र करा. जुनी टाकी एका वेळी 10 लिटर सोडते. पाच माणसांचं घर, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा, म्हणजे 250 लिटर. दोन बटणांची टाकी असेल, मोठं 6 लिटरचं आणि छोटं 3 लिटरचं, आणि पाचांपैकी चार वेळा छोटं वापरलं, तर 90 लिटर. जास्त उताराचं ग्रामीण भांडं बसवून बादलीने दोन-दोन लिटर ओतलं तर 50 लिटर. अप्कायिक जीवांचा विचार करणाऱ्या घरात आणि 46-47 अंशांवर तापणाऱ्या चंद्रपुरात 200 लिटरचा फरक थोडा नाही. ज्या घरी कमंडलूचं पाणी मोजून भरतात, त्या घरी हे पाणीही मोजलं पाहिजे.

जमिनीखालचं

आणि आता ते, जे कोणी विचारत नाही: भांड्याखालून पुढे कुठे जातं?

आपल्याकडे बहुतेक घरांना सेप्टिक टाकी असते. ती दोन-चार वर्षांनी भरते. तेव्हा गाडी बोलवायची असते, माणूस उतरवायचा नसतो. टाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू असतात. माणूस आत उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा मृत्यूंसाठी 10 लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवली होती, 2023 मध्ये ती 30 लाख केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं मरताहेत. मागच्या बोळीतली टोपली आता जमिनीखाली गेली आहे, एवढाच फरक.

जागा आणि माती साथ देत असेल तर दोन शोषखड्डे उत्तम. जाळीदार विटांचे दोन खड्डे आणि मध्ये वाय आकाराचा चेंबर. एक भरला की वाट दुसऱ्याकडे वळवायची. दोनेक वर्षांत पहिल्यातलं कोरडं, वास नसलेलं खत होतं. कोणाला मैला उपसावा लागत नाही. मात्र वरोरा-भद्रावतीच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे खड्डे मोठे लागतात. मूल, सिंदेवाही, आरमोरीच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात भूजल वर येतं, तिथे खड्डे उथळ आणि उंचावर घ्यावे लागतात. विहीर किंवा बोअर किमान दहा मीटर दूर हवी. 2014 नंतर सरकारने 12 हजारांच्या अनुदानावर गावोगाव संडास दिले. त्यातल्या काही खोल्यांत आज सरपण भरलेलं दिसतं, कारण पाणी दूर किंवा खड्डा पावसाळ्यात तुंबणारा. भांडं बसलं, पुढचा विचार राहिला.

तेव्हा बहिणींनो, घरात काम काढाल तेव्हा टाइल्सचा रंग निवडण्याआधी मिस्त्रीला चार गोष्टी विचारा. मैला कुठे जाणार? खड्डा की टाकी, आणि भरल्यावर कोण रिकामी करणार? उपसणाऱ्या गाडीचा पाइप टाकीच्या झाकणापर्यंत पोहोचेल का, की झाकणावर फरशी बसवून टाकणार? आणि आपल्या घरी झाडू-सफाईला येणाऱ्या ताईंसाठी संडासाची सोय आहे का? अनेक बंगल्यांत तिला अजूनही घरी जाईपर्यंत कळ काढावी लागते, आणि तीही सकाळचं पाणी तोडूनच कामाला येते.

कमोड की भारतीय, हे गुडघ्यांना विचारून ठरवा. बाकीचं त्या सहाव्या अटीला विचारा.