वाऱ्याच्या महिन्यांतला मुक्काम: माझगाव, छावणी आणि खांदेरी

बजाजनगरात वारा येतो तो धुळीच्या रूपाने. मे महिन्याच्या अखेरीस वाळूजच्या औद्योगिक वसाहतीवरून एखादी वावटळ उठते, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर तांबूस थर बसतो आणि दोन दिवसांनी लोक म्हणू लागतात, "आता पाऊस लांब नाही." समुद्र येथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून दूर. त्यामुळे महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात एका सहकाऱ्याने जूनच्या सुट्टीत मालवणला जाण्याचा बेत सांगितला आणि "समुद्राकडे तोंड असलेली खोली घ्यावी की मागची?" असा प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर देण्याचा अधिकार आम्हां कोणालाच नव्हता. आमच्यात मूळचे कोकणातले असे एकच गृहस्थ होते. ते एवढेच म्हणाले, "जूनमध्ये समुद्राकडे पाठ करून राहायचं असतं."

या एका वाक्याने मनात घर केले. इतिहासाची पुस्तके चाळताना ते पुन:पुन्हा आठवत राहिले आणि हळूहळू असे वाटू लागले की पश्चिम किनाऱ्याच्या सतराव्या शतकातील राजकारणाचा एक मोठा भाग या वाक्याभोवती फिरतो. बेटावर वाऱ्याच्या दिवसांत मुक्काम कोठे करावा हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा आहे. वस्तुत: तो कोणाच्या आश्रयाला जावे आणि आपल्या आश्रयाला कोणाला येऊ द्यावे, असा प्रश्न आहे.

प्रथम वाऱ्याचा विचार करू. उष्ण कटिबंधातल्या बेटाला दोन बाजू असतात, एक वारा खाणारी आणि दुसरी आडोशाची. कॅरिबियन समुद्रातील द्वीपसमूहांना दर्यावर्दी लोकांनी 'विंडवर्ड' आणि 'लीवर्ड' अशी नावेच देऊन टाकली. मॉरिशसचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती तेथे आजही आहे. त्या बेटावर आग्नेयेकडून वारे वाहतात आणि जून ते सप्टेंबर या काळात त्यांचा जोर अधिक असतो. डच प्रथम १५९८ साली उतरले ते आग्नेय किनाऱ्यावर, म्हणजे नेमके वाऱ्याच्या तोंडी. पुढे फ्रेंचांचा गव्हर्नर ला बूर्दोने १७३५ साली आला आणि त्याने वायव्येच्या, आडोशाच्या बाजूचे पोर्ट लुई हे बंदर राजधानी म्हणून उभे केले. आपले मजूर ज्या घाटावर उतरले तो पोर्ट लुईचाच घाट. बंदर कोठे असावे हे तेथे वाऱ्याने ठरवले आणि माणसांनी मान्य केले.

आपल्या किनाऱ्यावर हाच नियम अधिक कठोर होतो. जून उजाडला की नैर्ऋत्येचे मोसमी वारे थेट किनाऱ्यावर आदळतात. शिडाच्या जहाजाला याचा अर्थ एकच, वारा जहाजाला जमिनीकडे, खडकांकडे ढकलणार. म्हणून होड्या ओढून वर घेतल्या जात, शाकारून ठेवल्या जात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात लोटल्या जात. आज यंत्राच्या बोटी आल्या, तरी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी सरकारने घातलेली आहे. तिचा मुख्य हेतू माशांच्या विणीचा असला तरी महिने तेच आहेत. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाणारी प्रवासी होडीही पावसाळ्यात बंद असते.

आता प्रश्न असा की मासेमाराची होडी वाळूवर ओढता येते, पण शेकडो माणसांचे, तोफांचे, गुराबा-गलबतांचे आरमार ओढून कोठे ठेवायचे? येथे मुंबईचा इतिहास सुरू होतो.

सात बेटांच्या त्या मुंबईची पश्चिम बाजू उघडी, वाऱ्याच्या तोंडी. पूर्व बाजू मात्र आडोशाची. इंग्रजांचा कोट पूर्वेला होता तो उगाच नव्हे. या पूर्व किनाऱ्यावर कोटाच्या उत्तरेस माझगाव होते. समोर मुख्य भूमीचे डोंगर, पाठीशी बेटाची उंची आणि पुढ्यात शांत पाणी. वाऱ्याच्या चार महिन्यांसाठी याहून चांगली जागा त्या टापूत शोधूनही सापडली नसती. ती इंग्रजांना दिसली होती तशीच जंजिऱ्याच्या सिद्दीलाही दिसली.

सिद्दी १६७०च्या सुमारास मोगलांच्या चाकरीत गेला. आम्हां संभाजीनगरकरांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. हे शहर १६१० साली खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर हाही हबशीच होता आणि जंजिऱ्याचे सिद्दी त्याच निजामशाहीच्या पदरी वाढलेले. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, ते मोगलांच्या दख्खनचे मुख्य ठाणे बनले आणि जंजिऱ्याचे आरमार मोगलांचे आरमार झाले. एकाच हबशी परंपरेच्या दोन फांद्या, एक डोंगरात आणि एक पाण्यात, शेवटी एकाच बादशहाच्या छत्राखाली आल्या.

मोगलांचे आरमार म्हणून सिद्दी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईला येई आणि माझगावला मुक्कामाची परवानगी मागे. गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियरपुढे (कारकीर्द १६६९ ते १६७७) पेच उभा राहिला. नाही म्हणावे तर सुरतेची वखार मोगलांच्या हातात. तेथला सुभेदार व्यापार बंद पाडील. हो म्हणावे तर समोरच्या किनाऱ्याचे धनी शिवाजी महाराज. मुंबईचे धान्य आणि जळाऊ लाकूड तिकडूनच येणार. इंग्रजांनी कधी टाळाटाळ केली, कधी अटी घातल्या आणि अखेर बहुतेक वेळा मान तुकवली. सिद्दीचे लोक गावात वावरत, रहिवाशांशी खटके उडत, आणि या पाहुणचाराच्या आडून समोरच्या मराठी मुलखावर धाडी पडत. सावली इंग्रजांची, तलवार सिद्दीची आणि राख मात्र पेण-पनवेलच्या बाजूच्या गावांची, असा तो हिशेब होता.

इंग्रजी कागदपत्रांत या मुक्कामाला 'हिवाळा काढणे' अशा अर्थाचा शब्द येतो. भर पावसाळ्याला हिवाळा म्हणणे विचित्र वाटते. पण युरोपीय खलाशाच्या मनात जहाज बंदरात अडकून पडण्याचा ऋतू म्हणजे हिवाळा, मग बाहेर हिम असो वा झड. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: छावणी. आमच्या शहरात छावणी म्हटले की इंग्रजांच्या काळातला लष्करी भाग डोळ्यांपुढे येतो. परंतु हा शब्द छप्पर छावण्याशी नाते सांगणारा आहे. पावसाळ्यात फौज एका जागी छपराखाली राही ती छावणी. चार महिने एका जागी राहण्याची ही रीत या भूमीत जुनीच आहे. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि संन्याशांचा चातुर्मास हे तिचेच पूर्वज. फरक एवढाच की भिक्षूला आश्रय देणारे गाव पुण्य जोडी. आरमाराला आश्रय देणारे गाव काय जोडील याचा नेम नसे.

ही गोष्ट आपल्या राज्यकर्त्यांना नीट कळली होती. १७१६च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या छावणीचा स्वतंत्र विचार केला आहे. समुद्र खवळण्याच्या आधीच काही दिवस आरमार छावणीस न्यावे, ते किल्ल्याच्या आश्रयाने ठेवावे, सगळे एकाच ठिकाणी गोळा करू नये, रात्रीची गस्त ठेवावी, आणि दर वर्षी छावणीची जागा बदलावी, अशा आशयाच्या त्या सूचना आहेत. शेवटच्या सूचनेपाशी थांबावेसे वाटते. उत्तम आडोशाची जागा सापडल्यावर ती दर वर्षी का बदलायची? शत्रूला ठावठिकाणा कळू नये हे एक कारण सांगता येईल. पण आज्ञापत्रातच आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये असे बजावलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दुसरे कारणही दिसू लागते. चार महिने शेकडो शस्त्रधारी माणसे पोसण्याचा भार एकाच बंदरावर दर वर्षी पडू नये. माझगावच्या रहिवाशांना हा न्याय मिळाला नाही.

१६७८च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी दौलतखान आणि दर्यासारंग यांना पनवेलकडे पाठवले. माझगावला विसावलेले सिद्दी कासीमचे आरमार जाळून टाकावे असा बेत होता. तो तडीस गेला नाही. पाऊस-वाऱ्यात खाडी ओलांडून पलीकडे जाण्याचे साधन जमले नाही. ज्या वाऱ्याने सिद्दीला माझगावी आणले, त्याच वाऱ्याने त्याचे रक्षण केले. आडोसा असा दोन्ही अंगांनी काम करतो.

पुढच्या वर्षी महाराजांनी प्रश्न उलटा केला. आडोशात बसलेल्याला तेथे गाठता येत नसेल, तर त्याच्या दारात बसावे. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी हे लहानसे बेट आहे. आडोशाच्या दृष्टीने पाहिले तर मुक्कामाला याहून वाईट जागा नाही. चहूबाजूंनी उघडे, खडकाळ, लाटांच्या माऱ्यात. १६७२ सालीही तेथे तटबंदीचा प्रयत्न झाला होता, तो सिद्दी आणि इंग्रज यांच्या विरोधामुळे राहिला. १६७९च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरलेला नसताना, मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन त्या बेटावर उतरला आणि दगडावर दगड चढू लागला.

इंग्रजांनी बेट सोडण्याचा निरोप पाठवला. मायनाकने तो मानला नाही. त्यांनी गलबते पाठवून नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार नागावकडून चालून आले आणि 'डव्ह' नावाचे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागले. त्या दिवशी मराठ्यांना अखेर माघार घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा नाकेबंदी यशस्वी झाली नाही. मराठ्यांच्या नावा लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या. वारा पडला की वल्ह्यांवर चालत. रात्रीच्या अंधारात त्या मोठ्या जहाजांच्या मधून निसटत आणि बेटावर रसद पोचवीत. पुढे सिद्दीही इंग्रजांच्या मदतीला आला, पण १६८०च्या जानेवारीत त्याने शेजारचे उंदेरी बेट स्वत:साठी बळकावले. मग आपण कोणासाठी लढत होतो हे इंग्रजांच्या ध्यानात आले आणि त्यांनी मराठ्यांशी समेट केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. मराठ्यांनी आपले आरमार खांदेरीवर ठेवले नाही. ते नागावसारख्या खाडीच्या आश्रयाला राहिले. बेटावर राहिली ती माणसे. जहाजांसाठी आडोसा आणि माणसांसाठी वारा, अशी ती वाटणी होती. मायनाक भंडारी आणि त्याच्याबरोबरचे बहुतेक अनामिक लोक सोयीचा मुक्काम सोडून गैरसोयीच्या जागी राहिले, म्हणून पलीकडच्या सोयीच्या जागेवर नजर ठेवता आली.

आणि त्या सोयीच्या जागेचे काय झाले? १६८९ साली सिद्दी कासीम, मोगलांनी दिलेल्या याकूतखान या किताबाने ओळखला जाणारा, पुन्हा माझगावी आला. या वेळी तो परवानगी मागायला आला नव्हता. कंपनीने मोगलांशी भांडण काढले होते आणि सिद्दी बादशहाचा सरदार म्हणून चालून आला होता. माझगाव, माहीम, शीव ही ठाणी त्याने घेतली आणि इंग्रजांना कोटात कोंडले. कंपनीने औरंगजेबापुढे नाक घासून माफी मागितल्यावर १६९०च्या जूनमध्ये तो निघून गेला, तो माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करूनच. वर्षानुवर्षे पावसाळ्याचा पाहुणा म्हणून राहिलेल्याला बेटाची प्रत्येक वाट ठाऊक झालेली होती. पाहुण्याला दार नाकारण्याची ताकद नसेल, तर घर कोणाचे हा प्रश्न आज ना उद्या निघतोच.

आपल्याकडे खांदेरीची कथा पराक्रमाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरीचे नाव आहे. परंतु तिच्याशेजारी माझगावची कथा ठेवली नाही तर मायनाकने नेमके काय केले हे पुरते समजत नाही. योगायोग असा की भारतीय नौदलात २०१९ साली दाखल झालेली 'खांदेरी' ही पाणबुडी बांधली गेली ती माझगावच्या गोदीत. ज्या आडोशावर पहारा ठेवण्यासाठी खांदेरी उभी राहिली, त्याच आडोशाच्या पाण्यात तिच्या नावाची नौका तयार झाली. दोन्ही आता एका घरची आहेत.

आमचे सहकारी जूनमध्ये मालवणला जाऊन आले. त्यांनी मागची खोली घेतली होती. घराच्या पश्चिम अंगाला मालकांनी झावळ्यांच्या झापांचा आडोसा बांधला होता, समुद्र दिसत नव्हता, रात्रभर नुसता ऐकू येत होता. सिंधुदुर्गाला काही जाता आले नाही. होडी बंद होती. किनाऱ्यावर उभे राहून त्यांनी पावसाच्या पडद्याआडचा तट पाहिला. परत आल्यावर ते म्हणाले, "तिथे तेव्हा पावसाळाभर पहारा असेल ना हो?" असेल नव्हे, होताच. आम्ही क्षणभर गप्प राहिलो. बाहेर बजाजनगरात पहिल्या पावसाने धूळ बसली होती.