हातभर अंतर : गडचिरोलीचा रस्ता, सायकल आणि ‘कट’ यांचा इतिहास

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार एकेरी डांबरी रस्त्याची रुंदी ३.७५ मीटर असते. मालट्रकची रुंदी नियमानुसार २.६ मीटरपर्यंत असू शकते. असा ट्रक रस्त्यावर आला की डांबर उरते जेमतेम १.१५ मीटर. त्यातच सायकल, सायकलवरील मुलगी आणि कॅरियरला बांधलेले दप्तर मावायचे असते. सायकलचे हँडल सुमारे साठ सेंटिमीटर रुंद. खचलेल्या कडेपासून एक वीतभर आत चालवायचे ठरवले, तर ट्रकचा लोखंडी पाळणा आणि मुलीचा उजवा कोपर यांच्यात राहते जेमतेम दीड वीत अंतर.

इतक्या जवळून वाहन काढण्याला मराठीत नेमका शब्द आहे : ‘कट मारणे’. तो प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक आहे, कायद्याच्या पुस्तकात मात्र सापडत नाही. कट मारणारे वाहन स्पर्श न करता निघून गेले, तर काहीच घडलेले नसते. पंचनामा नाही, गुन्हा नाही, वर्तमानपत्रात चार ओळी नाहीत. इतिहासाचे साधन म्हणून आपण कागदावर विसंबतो. आणि ही घटना रोज घडूनही कागद मागे ठेवत नाही. त्यामुळे तिचा इतिहास आडवाटेने शोधावा लागतो. रस्ता कोणासाठी बांधला गेला आणि कायद्याने हिशेब कोणाकडून मागितला, या दोन प्रश्नांतून.

गडचिरोली तहसील १९०५ मध्ये निर्माण झाली, तेव्हा हा सारा मुलूख मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता. अहेरी-आलापल्लीच्या जंगलातील सागवान बाहेर काढणे, ही इथल्या वाटांची पहिली मोठी गरज. बैलगाडीच्या चाकोऱ्या, वनखात्याचे कच्चे रस्ते आणि पावसाळ्यात सारेच बंद, अशी ती व्यवस्था होती. वेगातील फरक तिथे फारसा नव्हता. बैलगाडी सायकलला कट मारू शकत नाही.

देशभर लागू झालेला पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा, सध्याचा १९८८ चा. तिन्हींचा विषय मोटार. सायकल त्यांच्या व्याख्येत बसत नाही. तिच्याकडे लक्ष दिले ते नगरपालिकांनी आणि पोलिसांनी, आणि तेही वसुलीच्या बाजूने. महाराष्ट्रातील अनेक गावांत सायकलला वार्षिक कर होता, कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला चाकाच्या दांड्याला लावावा लागे. रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीट बसवले तर दंड, घंटी नसेल तर दंड. जुन्या पिढीतील माणसे चौकातल्या हवालदाराला चुकवण्यासाठी सायकलवरून उतरून चालत जाण्याचे किस्से अजून रंगवून सांगतात. किस्से मजेदार आहेत, पण त्यांतील विषमता नजरेआड करण्याजोगी नाही. सायकलस्वाराने दिसले पाहिजे, ऐकू आले पाहिजे, बाजूला झाले पाहिजे. त्याच्या शेजारून जाणाऱ्याने किती अंतर ठेवावे, याचा आकडा कोणीच लिहिला नाही.

हा वाद जगात इतरत्र फार आधी झडला होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये सायकलला मागचा तांबडा दिवा सक्तीचा करावा, अशी मागणी पुढे आली. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने तिला कडाडून विरोध केला. आज ही भूमिका विचित्र वाटेल, पण तिच्यामागे तर्क होता. समोर जे आहे ते पाहून वाहन चालवणे ही मागून येणाऱ्याची जबाबदारी आहे. दिव्याची सक्ती केली की ती जबाबदारी पुढच्याच्या पाठीवर जाईल, असे क्लबचे म्हणणे होते. क्लब हरला आणि दिवा सक्तीचा झाला. व्यवहारात दिवा उपयोगीच ठरला, हे मान्य केलेच पाहिजे. तरी क्लबने वर्तवलेले भाकीतही खरे ठरले. आपल्याकडील ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ हे त्याच वृत्तीचे रंगीत रूप होते : हॉर्न वाजवला की वाजवणाऱ्याचे कर्तव्य संपले. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ही अक्षरे व्यावसायिक वाहनांवर लिहिण्यास बंदी घातली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली. रेल्वे जिल्ह्याला शिवते ती फक्त उत्तरेला, देसाईगंज-वडसा येथे. बाकी सगळी ये-जा रस्त्यावरून. रोवणीला जाणाऱ्या बाया, आठवडी बाजाराला निघालेले म्हातारे, धान गिरणीवर नेणारे तरुण, आणि अर्थातच शाळेची मुले : एसटीच्या दोन फेऱ्यांमधले सारे जग सायकलवर चालत आले आहे.

याच काळात शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याने सायकलला महामार्गावर मानाचे स्थान मिळालेलेही पाहिले. वरोड्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ अभियान उभे केले. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुण-तरुणी सायकलवर निघाले; मणक्याच्या विकारामुळे बसू न शकणारे बाबा वाहनात आडवे पडून सोबत होते. ओळीने चाललेल्या जथ्याला सगळे वाट देतात. एकट्या सायकलला नाही.

मग दोन सरकारी निर्णय थोड्याच वर्षांच्या अंतराने आले. २००९ मध्ये केंद्राने नक्षलवादाने ग्रासलेल्या ३४ जिल्ह्यांसाठी रस्ते बांधणीची योजना मंजूर केली. गडचिरोली त्यांत होता. आणि २०११-१२ पासून राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाचा विस्तार झाला. आठवी ते बारावीच्या ज्या गरजू मुली शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहतात त्यांना सायकल, आणि त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या रंगाची एसटी, अशी त्याची रचना. सायकलीचा परिणाम किती खोल असतो, हे बिहारने दाखवले होते. तिथल्या २००६ च्या सायकल योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींच्या नोंदणीत सुमारे ३२ टक्के वाढ दिसून आली. सायकल म्हणजे नववीचा वर्ग, असे समीकरण होते.

दोन्ही निर्णय चांगलेच होते. अडचण अशी की रस्त्याची योजना आखणाऱ्यांनी सायकली मोजल्या नाहीत आणि सायकली वाटणाऱ्यांनी रस्ता मोजला नाही. गुळगुळीत डांबराने एसटी वेळेवर आणली, तशीच ट्रकची गतीही वाढवली.

आणि मग खनिज निघाले. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांवरील लोहखनिजासाठी खाणपट्टा २००७ मध्येच दिला गेला होता. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली कित्येक वाहने जाळली. २०२१ नंतर उत्खनन जोमाने सुरू झाले आणि २०२३ मध्ये वार्षिक मर्यादा एक कोटी टनांपर्यंत वाढवण्यात आली. हा आकडा रस्त्याच्या भाषेत मांडून पाहावा. एका ट्रकमध्ये २५ टन धरले, तर एक कोटी टन म्हणजे दिवसाला जवळजवळ ११०० भरलेल्या फेऱ्या आणि तितक्याच रिकाम्या परतीच्या. ही कागदावरची कमाल आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. पण एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या पट्ट्यातील माणसांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याआधीच, जानेवारी २०१९ मध्ये, गुरुपल्लीजवळ खनिजवाहू ट्रक आणि एसटी बसची धडक होऊन प्रवासी मृत्युमुखी पडले होते आणि संतप्त जमावाने ट्रक पेटवून दिले होते. बसच्या अपघाताला निदान तारीख मिळाली.

सायकलशेजारून ट्रक जातो तेव्हा काय होते? सायकल सरळ रेषेत चालतच नाही. तोल सांभाळण्यासाठी ती सतत थोडी डावी-उजवी होते, आणि चढावर किंवा ओझे असताना अधिकच. ट्रकचे तोंड जवळ येते तेव्हा हवेचा लोट सायकलला बाहेर ढकलतो. पुढच्याच क्षणी ट्रकच्या कुशीतील कमी दाबाची हवा तिला आत ओढते. ट्रेलर असेल तर वळणावर मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून फिरतात. पुढचे चाक सुखरूप गेले म्हणून निर्धास्त झालेला सायकलस्वार मागच्या चाकाच्या वाटेत सापडतो. डावीकडे सुटका म्हणावी, तर डांबराची कड संपून मुरुमाची साईडपट्टी खाली गेलेली असते, पावसाळ्यात तर वीतभर.

रुंद रस्ता हे याचे उत्तर वाटते. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर समोरासमोर दोन ट्रक आले, तर ५.२ मीटर त्यांचेच झाले. उरले तीस सेंटिमीटर. सात मीटरच्या दुपदरी रस्त्यावर १.८ मीटर उरतात. त्यांतून सायकलची रुंदी, दोन ट्रकमधली फट आणि कडेची सुरक्षित पट्टी वजा केली, तर कोपराशी हातभर जागा राहते. समोरून वाहन येत असताना दीड मीटर सोडून सायकल ओलांडणे या तिन्ही रस्त्यांवर अशक्य आहे. एकच मार्ग असतो, सायकलमागे दहा-पंधरा सेकंद थांबणे. सारा वाद त्या सेकंदांचा आहे.

काही देशांनी ते सेकंद कायद्यात लिहिले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९७३ मध्ये सायकल ओलांडताना किमान तीन फूट अंतर बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१४ मध्ये ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यांवर एक मीटर आणि त्याहून वेगवान रस्त्यांवर दीड मीटर ठरवले. जर्मनीने २०२० मध्ये वस्तीत दीड आणि वस्तीबाहेर दोन मीटर असा नियम केला. भारतात १९८९ च्या रस्ता-नियमांची जागा २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी घेतली. त्यांत ओव्हरटेकचे नियम आहेत, पण सायकलसाठी मीटरमधला आकडा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा ओव्हरटेक करणे हे धोकादायक वाहनचालनात गणले. मात्र किती अंतरावरून गेले म्हणजे ‘बेकायदा’, हे मोजायला पट्टीच नसेल तर पोलिसाने लिहायचे काय? केवळ आकड्याने ट्रक थांबत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण आकड्याशिवाय साधी तक्रारही नोंदवता येत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. न लागलेल्या कटांची मोजदाद अर्थातच त्यात नाही. कट बसल्यावर ज्या घरात ‘उद्यापासून सायकल नको’ असे ठरले, त्या घराचीही नाही.

२२ जुलै २०२५ रोजी हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीपर्यंत लोहखनिजाचा गाळ वाहून नेणाऱ्या ८५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीचे उद्घाटन झाले. रस्त्यावरील खनिजाचे ट्रक कमी व्हावेत, हा तिचा एक घोषित हेतू. सोळा दिवसांनी, ७ ऑगस्टच्या पहाटे, गडचिरोली-आरमोरी महामार्गावर काटली गावाजवळ व्यायामाला गेलेल्या मुलांना एका ट्रकने चिरडले. चार मुले गेली. ती सायकलवर नव्हती. घराजवळच्या रस्त्याच्या कडेला होती. धान, कोळसा, बांबू, सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांसाठी वाहिनी नाही, आणि मानव विकासच्या सायकली अजून त्याच डांबराच्या कडेने सकाळी शाळेकडे आणि संध्याकाळी घराकडे जातात.