हॉर्न (वाहनाचा)
वाहनातील इशाऱ्याचे ध्वनियंत्र व त्याचा आवाज. इंग्रजी ‘हॉर्न’ म्हणजे मूळचे जनावराचे शिंग. संस्कृत ‘शृंग’ आणि त्यातून आलेले मराठी ‘शिंग’ही त्याच इंडो-युरोपीय मुळाचे. पोकळ शिंग फुंकून लोकांना सावध करत, म्हणून रणशिंग आजही ‘फुंकले’ जाते. मोटारीवर आधी रबरी फुगा दाबून वाजणारा भोंपू आला, नंतर विजेवर थरथरणारा पडदा; फुंकर गेली आणि क्रियापदही बदलले. हॉर्न ‘वाजवतात’, ‘मारतात’, ‘देतात’. यांत ‘देणे’ सर्वांत नेमके, कारण ‘इशारा देणे’प्रमाणे त्यात समोरचा माणूस गृहीत आहे. घरचा ‘भोंगा’ असताना हा परका शब्द कशाला, हा आक्षेप टिकत नाही: भोंगा गिरणीचा, साऱ्या वस्तीला उद्देशून, हॉर्न पुढच्या एकासाठी.

गर्दीत तो सतत लागतोच, हेही खरे नाही. इशाऱ्याला क्षणभराचा आवाज पुरतो. काही ठिकाणी तर तोही टाळावा लागतो; उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन आहेत. अशा संस्थांभोवतीचा १०० मीटर परिसर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १,००० रुपये दंड ठरवण्यात आला.