मेंढपाळावाचून कळप

धर्मगुरूंची बदली झाली की "आम्ही पोरके झालो" असे धर्मग्रामातील माणसे डोळे पुसत म्हणतात. त्या बोलण्यात माया असते. पण एकाच वेळी एका धर्मप्रांतातील बहुतेक धर्मगुरू गेले, महागुरुस्वामीही परत येईनात, तर मागे काय उरेल? आपल्या पुणे धर्मप्रांतावर ही वेळ प्रत्यक्ष आली होती. तिची आठवण आज करावीशी वाटते.

पुण्यातील ख्रिस्तसभेचा आरंभच मुळी इमारतीने झाला नाही, माणसांनी झाला. पेशव्यांच्या सैन्यात गोमंतकीय ख्रिस्ती शिपाई होते. परमुलखात ते एकत्र प्रार्थना करीत. सवाई माधवरावांनी त्यांना नाना पेठेत जागा दिली आणि ८ डिसेंबर १७९२ रोजी तेथे पहिली मिस्सा झाली. सिटी चर्चची आजची दगडी वास्तू नंतरची, १८५२ सालची. आधी समुदाय जमला, मग मंदिर उभे राहिले, हा क्रम ध्यानात ठेवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुण्याकडील कार्य जर्मन येशूसंघीयांकडे आले. १८६७ साली पुण्यात सेंट व्हिन्सेंट शाळा सुरू झाली. १८७८ मध्ये फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी अहमदनगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगरात) सेवेला प्रारंभ केला आणि खेड्यापाड्यांतील, विशेषतः दलित समाजातील शेकडो कुटुंबे प्रभूच्या कळपात आली. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, तोही जर्मन महागुरुस्वामींच्या हाती. शाळा, अनाथालये, धर्मग्राम या सर्वांचा भार याच परदेशी खांद्यांवर होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. जर्मन माणूस इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू ठरला, मग तो झगा घातलेला का असेना. धर्मगुरूंना स्थानबद्ध करण्यात आले. नियतीचा खेळ असा, की त्यासाठीची मोठी छावणी नगर येथेच होती. ज्या मुलखात जर्मन धर्मगुरूंनी पायी हिंडून शुभवर्तमान सांगितले, तेथेच त्यांचे देशबांधव काटेरी तारांआड बसले. १९१५-१६ मध्ये बहुतेकांची मायदेशी रवानगी झाली. मुंबईचे महागुरुस्वामी हेर्मान युर्गेन्स सप्टेंबर १९१६ मध्ये निवर्तले. पुण्याचे महागुरुस्वामी हाइन्रिश ड्योरिंग यांची तर आपल्या धर्मप्रांतापासून युद्धाने पुरती ताटातूट केली.

संकट एकटे येत नाही. १९१८ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि त्याच वर्षी इन्फ्ल्युएन्झाची साथ आली. भारतात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. घरोघरी मृत्यू, शेतात पीक नाही आणि अंतकाळी संस्कार द्यायला धर्मगुरू दूर.

मग कळप विखुरला का? नाही. मागे राहिलेले मूठभर देशी धर्मगुरू आणि तटस्थ देशांतून आलेले थोडे मिशनरी यांनी जमेल तितके अंतर कापले. पण ते सगळीकडे पोहोचणे शक्यच नव्हते. गावात उरला तो मिशन शाळेचा मास्तर. तोच मुलांना अक्षरे आणि प्रार्थना शिकवी, तोच रविवारी लोकांना जमवी. मरणोन्मुख बालकाला कोणीही श्रद्धावंताने स्नानसंस्कार द्यावा, ही ख्रिस्तसभेची शिकवण अशाच दिवसांसाठी आहे. घरात उरली ती आई आणि तिच्या हातातली जपमाळ. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या उशाशी बसून म्हटलेली प्रार्थना ही त्या काळची खरी धर्मसेवा होय.

येथे दूरच्या एका देशाचे स्मरण होते. जपानमध्ये छळामुळे दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरू नव्हते. तरीही १८६५ साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना आपली श्रद्धा हळूच सांगितली. एकाने प्रार्थना सांभाळायची, दुसऱ्याने स्नानसंस्कार द्यायचा, अशी कामे वाटून घेऊन सामान्य माणसांनीच तो दिवा पिढ्यान्पिढ्या तेवत ठेवला होता.

आणि योगायोग पाहा. आपल्या कळपापासून तुटलेल्या ड्योरिंग महागुरुस्वामींना १९२१ मध्ये त्याच जपानात, हिरोशिमा येथे, पाठविण्यात आले. १९२७ मध्ये ते पुण्याला परतले. ज्या धर्मप्रांताची घडी मोडली असे वाटावे, तो जिवंत होता. १९४८ पर्यंत त्यांनी त्याची धुरा वाहिली आणि १९४९ मध्ये आन्द्रू डिसोजा हे पुण्याचे पहिले भारतीय महागुरुस्वामी झाले. जे लोक पोरके समजले गेले, त्यांच्या मातीतूनच पुढे धर्मगुरू आणि धर्मभगिनी निपजल्या.

मी स्वतः हा धडा पुस्तकात वाचला होता. कळला तो २०२० साली. टाळेबंदीत चर्चचे दार बंद होते आणि मी रिकाम्या बाकांपुढे मिस्सा अर्पण करीत होतो. त्या दिवसांत धर्मग्रामातील तरुण आजाऱ्यांच्या दारी डबे ठेवून येत, आयाबाया फोनवरून एकमेकींबरोबर जपमाळ म्हणत. मला वाटे, मी यांना आधार द्यायचा. प्रत्यक्षात त्यांच्या आधारावर मी उभा होतो.

अमालेक्यांशी लढाई चालू असताना मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते सावरून धरले, अशी कथा निर्गमात आहे. आपण ती ऐकताना मोशेकडे पाहतो. बंधुभगिनींनो, त्या दोघांकडेही पाहावे. आपल्या आळीत आज कोणाचे तरी हात थकलेले असतील. ते सावरायला धर्मगुरू येईपर्यंत थांबू नका.