विश्रामपूरपासून नागपूरपर्यंत

१८६८ साली ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी रायपुरात आले. त्यांनी आधी रांचीकडे काम केले होते. १८५७च्या धामधुमीत ते तिथून निघाले आणि अमेरिकेत गेले. तिथल्या जर्मनभाषक इव्हँजेलिकल मंडळींनी त्यांना पुन्हा हिंदुस्थानात पाठवले. गुरू घासीदासांच्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या सतनामी अनुयायांमध्ये काम करायचे त्यांनी ठरवले, तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात पडीक जमीन विकत घेतली आणि गाव वसवले. त्याचे नाव विश्रामपूर. छत्तीसगढातल्या प्रॉटेस्टंट मंडळीची वाटचाल इथून सुरू होते.

पुढे या मिशनने केलेले काम मोठे आहे. तिल्द्याचे रुग्णालय, चांदखुरीची कुष्ठरोग्यांची वसाहत, रायपुरातली सालेम शाळा ही नावे छत्तीसगढात आजही आदराने घेतली जातात. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्या मुलांच्या हाती या मिशनने पाटी दिली. हे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा अधिकार मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

पण विश्रामपूरची घडण नीट पाहिली पाहिजे. तिथे मिशनरी हा केवळ पाळक नव्हता, गावचा मालगुजारही, म्हणजे सारा गोळा करणारा जमीनमालकही, तोच. जमीन मिशनची, शाळा आणि दवाखाना मिशनचा, रोजगार बहुतेक मिशनच्या शेतावर नाहीतर बंगल्यावर. रविवारी उपदेशपीठावर उभा राहणाराही तोच आणि मंडळीतून कोणाला बाहेर काढायचे यावर शेवटचा शब्दही त्याचाच. इतिहासकार सौरभ दुबे यांनी मिशनच्या दफ्तरांतून या मंडळीचा इतिहास उलगडला आहे. तो वाचताना जाणवते की शिस्तीचा सगळा भर लोकांच्या संसारावर होता. सतनाम्यांमध्ये ‘चूडी’ची रीत होती. नवऱ्याशी पटले नाही, तर बाई दुसऱ्याच्या हातची बांगडी भरून त्याच्या घरी जाई. नवा नवरा पहिल्याला भरपाई देई, पंचांसमोर प्रकरण मिटे. मिशनच्या लेखी हा व्यभिचार होता आणि त्याची शिक्षा होती मंडळीतून बहिष्कार. बाप्तिस्मा घेतलेल्यांनीही ही रीत सोडली नाही आणि वर्षानुवर्षे बहिष्काराची प्रकरणे घडत राहिली.

लोर ढोंगी होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. परक्या उन्हात आयुष्य घालवणारा, पोटच्या मुलालाही याच कामाला लावणारा तो माणूस होता. माझा आक्षेप घडणीवर आहे. गरीब बाईच्या बांगडीचा हिशेब मंडळीच्या पुस्तकात लिहिला जाई. मालगुजाराच्या साऱ्याचा, जमिनीचा, पगाराचा हिशेब त्या बाईपुढे कधी ठेवला जात नसे. तो समुद्रापार, पैसे पाठवणाऱ्या बोर्डाकडे जाई. धाक खाली आणि जबाब वर, अशी ही रचना. सचोटीचा माणूस त्या खुर्चीत बसला तोवर निभले. पण बसणारा सचोटीचा नसेल तर त्याला अडवायला त्या रचनेत कोणीच नव्हते.

ही गोष्ट मराठी मुलखात एका माणसाला फार लवकर उमगली होती. नारायण वामन टिळकांच्या आयुष्याला वळण मिळाले ते छत्तीसगढच्या वाटेवरच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची वीसेक वर्षे त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली आणि १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले आणि दरबार फारसा फोफावला नाही. तरी त्यांनी घातलेला पायंडा मला आजही सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उपदेश करणाऱ्याची भाकरी कुठून येते, हा प्रश्न त्यांनी उपदेशाच्या आड येऊ दिला नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त या माणसाचे विक्षिप्तपण, संताप, संसाराकडचे दुर्लक्ष सगळे उघड लिहिलेले आहे. पत्नीने इतके मोकळेपणाने लिहिले तरी त्यांचा मोठेपणा तसूभर कमी झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. रायपूर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. त्या सरकारने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ मध्ये अहवाल आला. परदेशी पैसा आणि धर्मांतर यांवर त्यात कडक ताशेरे होते. अहवालाच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे करत नाही. मंडळीच्या मनावर त्या चौकशीचा जो ठसा उमटला तो मात्र सांगायला हवा. बाहेरून चौकशी येते, म्हणून आतले काही बाहेर जाता कामा नये, ही सवय त्या काळात अंगी मुरली.

परदेशी मिशनरी हळूहळू परतले आणि मालमत्ता देशी हातांत आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी यांनी शतकांची भांडणे बाजूला ठेवली. लोरांच्या परंपरेतली मंडळीही संयुक्त मंडळीच्या वाटेने या ऐक्यात आली. आज या चर्चच्या छत्तीसगढ धर्मप्रांताचे मुख्यालय रायपुरात आहे. ऐक्याचा तो दिवस खरोखर गौरवाचा होता. मात्र शहरांच्या मधोमध असलेल्या जमिनी, शाळा, बंगले यांवरची मालगुजारी त्या दिवशी संपली नाही. ती बिशपच्या खुर्चीकडे आली.

बावन्न वर्षांनी त्याच नागपूरच्या विमानतळावर या चर्चच्या प्रमुखाला अटक झाली. जबलपूरचे बिशप आणि तेव्हाचे मॉडरेटर पी. सी. सिंह यांच्या घरावर मध्य प्रदेश पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने सप्टेंबर २०२२ मध्ये छापा टाकला. सुमारे एक कोटी पासष्ट लाख रुपये रोख आणि परकीय चलन सापडले. ते जर्मनीहून परतताच १२ सप्टेंबरला त्यांना ताब्यात घेतले गेले. धर्मप्रांताच्या शिक्षण मंडळाच्या नावात फेरफार करून अध्यक्षपद मिळवल्याचा, आणि २००४-०५ ते २०११-१२ या काळात शाळांच्या फीचे सुमारे दोन कोटी सत्तर लाख रुपये धार्मिक संस्थांकडे वळवून खाजगी कामांसाठीही खर्चल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. चर्चने त्यांना मॉडरेटरपदावरून दूर केले. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. मला खटकते ती वेगळी गोष्ट. आरोपातला काळ २०१२ मध्ये संपतो आणि छापा पडतो २०२२ मध्ये. मधल्या दहा वर्षांत धर्मप्रांताच्या सभा झाल्या, निवडणुका झाल्या, ते सर्वोच्च पदावरही पोहोचले. सापडलेली रोकड पोलिसांनी मोजली, मंडळीने नाही.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. चेन्नईत जन्मलेले रवी झकरायस हे जगभरातल्या इव्हँजेलिकल मंडळींचे लाडके वक्ते होते. त्यांनी १९८४ मध्ये काढलेली संस्था अनेक देशांत पसरली. लोरी अ‍ॅन थॉम्पसन या बाईंनी २०१७ मध्ये तक्रार केली, तेव्हा संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली नाही, झकरायस यांच्या बाजूने राहिली. २०२० मध्ये झकरायस वारले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने मालिशचे काम करणाऱ्या स्त्रियांवरचे त्यांचे लैंगिक अत्याचार उजेडात आणले. विश्वस्तांनी मग माफी मागितली. इथेही शुद्ध आचरणाचा आग्रह श्रोत्यांकडे होता आणि वक्त्याला विचारणारे कोणी नव्हते.

छत्तीसगढात आज हे बोलणे आणखी अवघड झाले आहे. जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली. जामीन मिळेपर्यंत त्या आठवडाभर तुरुंगात होत्या. गावोगावच्या प्रार्थनासभांवर दडपण आहे. अशा वेळी पाळकाच्या किंवा बिशपच्या वागण्यावर प्रश्न विचारणारा शत्रूच्या हाती कोलीत देणारा ठरवला जातो. हे मला मान्य नाही. छळ सोसणाऱ्या साध्या विश्वासूच्या पाठीमागे लपून पदाधिकाऱ्याने हिशेब टाळणे हा त्या विश्वासूवर दुसरा अन्याय आहे.

अनेक मंडळ्यांत आधीच्या रविवारच्या दानाचा आकडा भक्तीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतात. मजुराने टाकलेली दहाची नोटही त्यात येते. मंडळीच्या शाळांची वर्षाची फी, जमिनींचे भाडे आणि विक्री, बिशपच्या नावावरची खाती यांचे आकडे तिथेच, त्याच आवाजात, बाहेरच्या लेखापरीक्षकाच्या सहीनिशी वाचले जावेत. आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत बिशपने न नेमलेल्या बायका असाव्यात, विश्रामपुरात जिच्या बांगडीची नोंद झाली तिच्या लेकीसुना.